कॉम्प्युटर बंद पडला तरी हार्डडिस्क जिवंत असते. डेस्कटॉपला ड्राइव्ह जोडायची कशी, जाणून घ्या

सफाळे : जून उजाडला की सफाळे परिसरात दोन गोष्टी ठरलेल्या. पाऊस कोसळतो आणि लाईट ये-जा करू लागते. अशाच एखाद्या संध्याकाळी घरातला किंवा दुकानातला जुना कॉम्प्युटर बंद पडतो. बटण दाबलं तरी पंखा फिरत नाही. किंवा पंखा फिरतो, पण पडद्यावर काहीच येत नाही. मग घरात पहिला प्रश्न मशीनचा नसतो. पहिला प्रश्न असतो, "आतलं सगळं गेलं का?"

आतलं म्हणजे मुलांचे दाखले, लग्नाचे फोटो, बचत गटाचा हिशेब आणि बऱ्याच घरांत जमिनीचे कागद. पालघर जिल्ह्यातून मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग, मालगाड्यांचा स्वतंत्र रेल्वेमार्ग असे मोठे प्रकल्प जातात. ज्यांची जमीन, झाडं किंवा घर अशा कामात जातं, त्यांच्याकडे नोटिसा, मोजणीचे नकाशे आणि पंचनाम्याचे फोटो जमत जातात. वनहक्काचा दावा केलेल्या कुटुंबांचंही तसंच. सातबारा ऑनलाइन पुन्हा काढता येतो. पण मोजणीच्या दिवशी काढलेला बांधावरच्या झाडांचा फोटो किंवा आजोबांचा एकुलता एक फोटो पुन्हा काढता येत नाही.

अशा वेळी दुरुस्तीवाला म्हणतो, "फॉरमॅट मारावा लागेल." घाबरलेला माणूस हो म्हणून मोकळा होतो. त्याआधी एक गोष्ट माहीत असायला हवी. कॉम्प्युटर बिघडला याचा अर्थ आतली माहिती गेली असा नाही. माहिती असते हार्डडिस्कवर. ती चार स्क्रूंवर बसवलेली वेगळी वस्तू आहे. ती काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येते. ते जमलं, तर बहुतेक वेळा सगळं जसंच्या तसं मिळतं.

आधी ओळख : डबा वेगळा, हार्डडिस्क वेगळी

आपण ज्या उभ्या डब्याला सरसकट 'सीपीयू' म्हणतो, त्याला खरं तर कॅबिनेट म्हणतात. त्यात मदरबोर्ड, वीज देणारा पॉवर सप्लाय, रॅम आणि हार्डडिस्क असे वेगवेगळे भाग असतात. लाईटच्या झटक्याने बहुधा पॉवर सप्लाय किंवा मदरबोर्ड जातो. हार्डडिस्क अनेकदा वाचते.

डेस्कटॉपमध्ये साधारण चार प्रकारच्या ड्राइव्ह सापडतात.

पहिली, साडेतीन इंची हार्डडिस्क. सुमारे १५ सेंटीमीटर लांब, १० सेंटीमीटर रुंद आणि हातात घेतली तर जड. आत चकत्या फिरतात, त्यामुळे चालू असताना बारीक घरघर जाणवते.

दुसरी, अडीच इंची. ही लॅपटॉपची हार्डडिस्क असू शकते किंवा एसएसडी. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. ती हलकी असते, आवाज करत नाही आणि वेगवान असते.

तिसरी, एम डॉट टू एसएसडी. च्युइंगगमच्या पट्टीसारखी लहान. ती वायरने जोडत नाहीत, थेट मदरबोर्डवरच्या खाचेत बसवतात.

चौथी, खूप जुन्या मशीनमधली आयडीई हार्डडिस्क. हिला रुंद, चपटी, रिबिनीसारखी केबल असते. सॅटा पद्धत २००३ पासून बाजारात येऊ लागली आणि आयडीई मागे पडली. तरी एखाद्या माळ्यावरच्या कॉम्प्युटरमध्ये ती आजही निघते.

हार्डडिस्क किती बदलली, याचा अंदाज एका उदाहरणाने येतो. आयबीएम कंपनीने १९५६ साली पहिली हार्डडिस्क आणली. तिच्यात ५० मोठ्या चकत्या होत्या, आकार कपाटाएवढा आणि जागा अवघी ५ एमबीच्या आसपास. आज मोबाईलचा एक चांगला फोटो तेवढी जागा खातो.

कॅबिनेटमध्ये ड्राइव्ह जोडण्याची पद्धत

सॅटा ड्राइव्हला दोनच वायर लागतात. एक अरुंद, ती डेटा केबल. तिचं एक टोक ड्राइव्हला, दुसरं मदरबोर्डला. दुसरी रुंद, ती पॉवरची. ती पॉवर सप्लायमधून येते. दोन्हींच्या तोंडात इंग्रजी 'एल' अक्षरासारखा वाक असतो, त्यामुळे त्या एकाच बाजूने बसतात. बसत नसेल तर उलटी धरली आहे असं समजावं. जोर लावला की प्लास्टिकची जीभ तुटते, आणि ती तुटली की ड्राइव्ह जोडणं अवघड होऊन बसतं.

काम असं करावं :

१. कॉम्प्युटर नीट शटडाउन करा, बोर्डाचं बटण बंद करा आणि प्लग काढून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. गावात बऱ्याच घरांत अर्थिंग नीट नसतं, कॅबिनेटला हात लावला तर झिणझिण्या येतात. प्लग बाहेर असलाच पाहिजे. मग कॅबिनेटचं चालू करायचं बटण पाच-सात सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते.

२. झाकण उघडा. सुटं सामान हाताळण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या लोखंडी भागाला हात लावा. अंगावरची स्थिर वीज त्यात उतरते. थंडीत हवा कोरडी असते, तेव्हा ही काळजी जास्त घ्यावी.

३. ड्राइव्ह तिच्या कप्प्यात सरकवून दोन्ही बाजूंनी स्क्रूने घट्ट करा. फिरणारी हार्डडिस्क लोंबकळत ठेवू नये. हादरे बसले की ती लवकर खराब होते.

४. डेटा केबल मदरबोर्डवरच्या रिकाम्या सॅटा पोर्टमध्ये लावा. त्याच्या शेजारी सॅटा आणि आकडा लिहिलेला असतो. मग पॉवरची वायर लावा.

५. झाकण लावण्याआधी एकदा पाहा. कुठली वायर पंख्यात अडकत नाही ना? दुसरी एखादी वायर ओढली जाऊन निघाली नाही ना?

इथे दोन चुका महागात पडतात. काही पॉवर सप्लायच्या वायर सुट्या निघतात. एका सप्लायची वायर दुसऱ्याला लावू नये. टोक सारखं दिसतं, पण आतली जोडणी वेगळी असू शकते, आणि चालू करताच ड्राइव्ह जळते. दुसरी चूक म्हणजे सॅटाची वायर कमी पडते म्हणून जुन्या चार पिनांच्या वायरला लावलेलं स्वस्त कन्व्हर्टर. हलक्या प्रतीचं कन्व्हर्टर तापून वितळल्याची उदाहरणं आहेत. पर्याय नसेल तर चांगल्या प्रतीचं घ्यावं.

एम डॉट टू एसएसडी बसवताना ती खाचेत थोडी तिरकी घालतात, मग हळूच खाली दाबून बारीक स्क्रूने पकडतात. मात्र घेण्याआधी आपल्या मदरबोर्डवर ती खाच आहे का आणि कोणत्या जातीची एसएसडी तिथे चालते, हे पाहून घ्यावं. त्यात सॅटा आणि एनव्हीएमई अशा दोन जाती आहेत. दिसायला सारख्या, पण प्रत्येक मदरबोर्डवर दोन्ही चालतीलच असं नाही. बऱ्याच जुन्या मशीनवर ही खाचच नसते. तिथे अडीच इंची सॅटा एसएसडी सरळ चालते. मंद झालेल्या जुन्या कॉम्प्युटरला त्यानेच नवी जान येते.

जोडली, पण दिसत नाही?

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न. याची उत्तरं क्रमाने शोधावीत.

आधी वायर पुन्हा काढून लावा. समुद्राच्या बाजूची गावं, म्हणजे एडवण, दातिवरे, केळवे, इथल्या खाऱ्या दमट हवेत पिना गंजतात. वायर काढून पुन्हा घट्ट लावली की अनेकदा काम होतं. नाही झालं तर दुसरी केबल, दुसरा पोर्ट.

मग बायोस पाहा. कॉम्प्युटर चालू होताना 'डिलीट' किंवा 'एफ टू' बटण दाबत राहिलं की ती पाटी उघडते. तिथे ड्राइव्हचं नाव दिसलं तर वायर ठीक आहेत. नाव नसेल, तर वायर, पोर्ट किंवा ड्राइव्ह यांपैकी कशात तरी दोष आहे.

बायोसमध्ये दिसते, पण विंडोजमध्ये नाही, असं असेल तर 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. विंडोजच्या बटणासोबत 'एक्स' दाबलं की यादीत ते नाव मिळतं. तिथे ड्राइव्ह आहे, फक्त तिला अक्षर नाही, असंही असतं. उजव्या बटणाने क्लिक करून मोकळं अक्षर दिलं की ती उघडते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जुनी, माहिती असलेली ड्राइव्ह जोडल्यावर 'फॉरमॅट करा' किंवा 'इनिशियलाइज करा' असा संदेश आला, तर होकार देऊ नका. रद्द करा. विंडोजला त्या ड्राइव्हची नोंद वाचता आली नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. माहिती तिथे असू शकते. होकार दिला की ती परत मिळवणं अवघड आणि खर्चाचं होतं. नव्या, कोऱ्या ड्राइव्हवर मात्र हाच संदेश येणं साहजिक आहे आणि तिथे होकार द्यायलाच लागतो. एकाच प्रश्नाची दोन उत्तरं आहेत, म्हणून समोरची ड्राइव्ह कोणती हे दोनदा पाहावं. दोन ड्राइव्ह असतील तर त्यांची जागा किती जीबी आहे, त्यावरून ओळख पटते.

बंद मशीनमधून कागद, फोटो कसे काढायचे?

मशीन गेलं असेल तर हार्डडिस्क काढून शेजाऱ्याच्या किंवा दुकानातल्या चालू डेस्कटॉपला वर सांगितल्याप्रमाणे जोडता येते. फक्त एक अडचण येते. जुन्या डिस्कवरही विंडोज असतं, त्यामुळे कॉम्प्युटर कधी कधी तिच्यावरूनच सुरू व्हायला बघतो. बायोसमध्ये जाऊन आधी चालू मशीनची स्वतःची ड्राइव्ह निवडावी.

त्याहून सोपा मार्ग म्हणजे सॅटा टू यूएसबी केबल किंवा हार्डडिस्कचं केसिंग. त्यात डिस्क बसवली की ती पेनड्राइव्हसारखी बाहेरून लागते, कॅबिनेट उघडावंच लागत नाही. अडीच इंची डिस्कला यूएसबीतून मिळणारी ५ व्होल्टची वीज पुरते. साडेतीन इंचीला मात्र १२ व्होल्टही लागतात. म्हणून तिच्यासाठी वेगळा अडॅप्टर असलेलं केसिंग घ्यावं. नुसती साधी केबल घेतली तर डिस्क फिरणारच नाही आणि डिस्कच खराब आहे असा गैरसमज होईल.

डिस्क उघडली की 'यूजर्स' नावाचं फोल्डर शोधा. त्यात जुन्या नावाच्या फोल्डरमध्ये डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स असतात. परवानगी नाही असा संदेश आला तर 'कंटिन्यू' दाबून थांबावं, थोडा वेळ लागतो. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर ४८ आकड्यांची किल्ली लागते. ती बहुधा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने मशीन सुरू केलं होतं, त्या खात्यात साठवलेली असते. म्हणून त्या खात्याचा ईमेल आणि पासवर्ड कुठेतरी वहीत लिहून ठेवावा.

डिस्क 'टक टक' असा ठरावीक आवाज करत असेल, तर तिथेच थांबा. आतला भाग बिघडल्याची ती खूण आहे. पुन्हा पुन्हा चालू करून पाहिलं तर उरलेलंही जातं. डिस्कचं झाकण घरी कधीच उघडू नये. आतल्या चकतीवर धुळीचा कण बसला तरी नुकसान होतं. माहिती खरंच मोलाची असेल तर डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्यावी आणि खर्च आधी विचारून घ्यावा.

दुरुस्तीला मशीन देताना एक वाक्य स्पष्ट सांगावं : "आधी डेटा दुसऱ्या ड्राइव्हवर काढा, मला उघडून दाखवा, मगच फॉरमॅट मारा."

बाहेरून जोडायची ड्राइव्ह

पेनड्राइव्ह आणि एक्स्टर्नल हार्डडिस्क जोडणं सोपं वाटतं, पण गोंधळ इथेही होतो.

कॅबिनेटच्या पुढचे यूएसबी पोर्ट आतल्या लांब वायरने जोडलेले असतात आणि वापरून सैल झालेले असतात. हार्डडिस्क मागच्या पोर्टला लावावी. साध्या यूएसबी टू पोर्टमधून ५०० मिलीॲम्पिअर आणि यूएसबी थ्रीमधून ९०० मिलीॲम्पिअर वीज मिळावी असं मानक आहे. वीज कमी पडली की डिस्क चालू-बंद होत राहते. यूएसबी थ्रीचा पोर्ट बहुधा आतून निळा असतो. वेगातही फरक आहे. १०० जीबीचा लग्नाचा व्हिडिओ यूएसबी टूने उतरवायला पाऊण तासाहून जास्त वेळ जाऊ शकतो, तोच यूएसबी थ्रीने वीस मिनिटांच्या आसपास होतो. बारीक फोटो हजारोंनी असतील तर वेळ वाढतो.

काम झालं की वायर ओढून काढू नये. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातून 'इजेक्ट' करून मगच काढावी. कॉपी झाल्यासारखी दिसली तरी थोडं लिहिणं मागे चालू असतं. मध्येच काढली की फाइल उघडत नाही, कधी अख्खी ड्राइव्हच रुसते.

नवी ड्राइव्ह फॉरमॅट करताना तीन नावं समोर येतात. फॅट थर्टीटू जुनी पद्धत, तिच्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. "ड्राइव्हवर जागा आहे, तरी व्हिडिओ कॉपी होत नाही" या तक्रारीचं कारण बहुधा हेच असतं. कॅबिनेटमधल्या ड्राइव्हसाठी एनटीएफएस निवडावी. टीव्ही, मोबाईल आणि कॉम्प्युटर तिन्हीकडे फिरणाऱ्या ड्राइव्हसाठी एक्सफॅट बरी. ड्राइव्ह २ टीबीपेक्षा मोठी असेल, तर इनिशियलाइज करताना 'जीपीटी' निवडावं. 'एमबीआर' निवडलं तर २ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही.

१ टीबीची ड्राइव्ह कॉम्प्युटरवर ९३१ जीबी दाखवते. यात दुकानदाराने फसवलेलं नसतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत, एवढाच फरक.

खरेदी करताना फसवणूक टाळा

सफाळ्याहून अनेक जण सामान आणायला पालघर-बोईसरला जातात. काही जण विरारला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरतात आणि लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग गाठतात. कॉम्प्युटरच्या सामानाचा तो जुना, नावाजलेला बाजार. कुठूनही घ्या, पक्कं बिल घ्या आणि वॉरंटी कोणाची, कंपनीची की दुकानाची, ते विचारा.

ऑनलाइन पाच-सातशे रुपयांत '२ टीबी पेनड्राइव्ह' दिसली तर सावध व्हावं. अशा बनावट ड्राइव्ह कॉम्प्युटरला खोटा आकडा दाखवतात. आत खरी जागा ३२ किंवा ६४ जीबी असते. ती भरली की पुढच्या फाइल लिहिल्यासारख्या वाटतात, पण उघडत नाहीत. फोटो मोबाईलमधून पुसून झाल्यावर हे कळतं, तेव्हा उशीर झालेला असतो. नवी ड्राइव्ह आणली की आधी ती पूर्ण भरून पाहावी आणि शेवटच्या फाइल उघडतात का ते तपासावं. 'एच टू टेस्ट डब्ल्यू' नावाचं मोफत सॉफ्टवेअर हेच काम करतं.

सेकंडहँड हार्डडिस्क कामापुरती चालते. पण एकुलती एक प्रत तिच्यावर ठेवू नये.

मोबाईलमधले फोटो डेस्कटॉपवर

गावात आज बहुतेक फोटो मोबाईलमध्येच असतात आणि 'स्टोरेज फुल' झालं की घाईने पुसले जातात. मोबाईल यूएसबी केबलने डेस्कटॉपला लावला की मोबाईलच्या पडद्यावर 'फाइल ट्रान्सफर' निवडावं. नुसतं चार्जिंग चालू राहिलं तर फोटो दिसत नाहीत. काही केबल फक्त चार्जिंगच्याच असतात, तेव्हा केबल बदलून पाहावी. कॅमेऱ्याचे फोटो 'डीसीआयएम' फोल्डरमध्ये असतात. कॉपी करा, दोन-चार फोटो उघडून बघा, मगच मोबाईलमधले पुसा.

व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवला तर तो लहान होऊन जातो. जमिनीच्या कागदावरची बारीक अक्षरं त्यात पुसट होतात. असे कागद 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावेत किंवा केबलने उतरवावेत.

झेरॉक्सच्या दुकानातली पेनड्राइव्ह

फॉर्म भरायला, प्रिंट काढायला आपली पेनड्राइव्ह दिवसभर अनेकांच्या पेनड्राइव्ह लागणाऱ्या मशीनला लागते. व्हायरस तिथूनच घरी येतो. दुकानात नेण्यासाठी लहान पेनड्राइव्ह वेगळी ठेवावी. तिच्यात त्या दिवशी लागणारा कागद तेवढाच असावा. घरच्या फोटोंची हार्डडिस्क दुकानात नेऊ नये. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर व्हायरस शोधण्याची आणि यूएसबी ड्राइव्हवर नियंत्रण ठेवण्याची मोफत साधनं मिळतात.

जुना कॉम्प्युटर विकतानाही हीच जाग ठेवावी. विंडोज १० चा नियमित मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे जुनी मशीन बदलण्याकडे कल वाढला आहे. पण भंगारात मशीन देताना त्यातली हार्डडिस्कही जाते आणि तिच्यासोबत आधार, पॅन, पासबुक यांचे स्कॅनही. फाइल डिलीट केल्याने त्या पूर्ण जात नाहीत. सोपा उपाय म्हणजे हार्डडिस्क काढून घेऊन बाकीचं मशीन द्यावं. ती केसिंगमध्ये घातली की घरात एक एक्स्टर्नल ड्राइव्ह तयार होते.

पावसाळ्यात विशेष काळजी

वीज कडाडायला लागली की कॉम्प्युटरचा प्लग काढावा, सोबत इंटरनेटची तांब्याची वायर असेल तर तीही. बाहेरची ड्राइव्ह वेगळी करून ठेवावी, नाहीतर एकाच झटक्यात मूळ आणि प्रत दोन्ही जातात. कॉपी चालू असताना लाईट गेली तर फाइल अर्धवट राहते, म्हणून डेस्कटॉपला यूपीएस असावा. ड्राइव्ह हवाबंद डब्यात, नव्या चपलांच्या खोक्यात मिळतात तशा सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावी. पावसात भिजून किंवा गार खोलीतून आणलेली ड्राइव्ह लगेच लावू नये. ती कोरडी होऊन खोलीच्या हवेत आली की मग जोडावी. दर दोन-तीन महिन्यांनी चालू करून पाहावी. एसएसडी तर वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात पडून राहिली, तर तिच्यातली माहिती उडू शकते.

एक प्रत म्हणजे प्रत नाहीच

कोणतीही ड्राइव्ह एक ना एक दिवस बंद पडते. महागडी घ्या, स्वस्त घ्या, कधी बंद पडेल एवढाच प्रश्न असतो. म्हणून जाणकार एक साधा नियम सांगतात : महत्त्वाच्या फाइलच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. गावात हे अवघड नाही. एक प्रत कॉम्प्युटरमध्ये, दुसरी एक्स्टर्नल ड्राइव्हवर, तिसरी दुसऱ्या गावातल्या बहिणीच्या किंवा मामाच्या घरी ठेवलेल्या पेनड्राइव्हवर. सरकारी दाखले डिजिलॉकरमध्येही ठेवता येतात. आणि मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत, कपाटात, कोरड्या जागी. स्कॅन कितीही चांगला असला तरी कार्यालयात मूळ कागद मागितला जातोच.

किनाऱ्यावरच्या घरांत आगोट आली की मीठ-मसाला, सुकी मासळी, सरपण भरून ठेवतात. पाऊस लागला की बाजार गाठणं अवघड, हे आजीलाही माहीत असतं. त्याच आठवड्यात घरातल्या कोणीतरी अर्धा दिवस काढून ड्राइव्ह जोडावी, वर्षभराचे फोटो आणि कागद उतरवावेत, इजेक्ट करून डब्यात ठेवावी. मग जूनमधल्या एखाद्या संध्याकाळी कॉम्प्युटर बंद पडला, तर दुरुस्तीचा खर्च होईल, चार दिवस मशीन नसेल. पण "आतलं सगळं गेलं का?" हा प्रश्न घरात कोणी विचारणार नाही.